आसलखेड खुर्दचा नियोजित दौरा

शालिग्राम उमाळ्यांना राग आला की तो आधी कानांत दिसायचा. कान लाल झाले की जयमालाबाई गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत येत, कारण अशा वेळी नवऱ्याला एकटं सोडलं तर तो हातातला फोन आपटतो, आणि फोन नवा होता. त्या सोमवारी सकाळी तर दोन्ही कान जास्वंदीसारखे झाले होते. कारण काय, तर संपादकांचा फोन. शालिग्राम ज्या दैनिकाचे बुलडाण्याचे प्रतिनिधी होते, त्या दैनिकाचं नाव इतकं जहाल आहे की ते वाचून माणसाला वाटावं, उद्या सरकार पडतं. आत छापून काय यायचं? वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, आणि तेराव्याचं निमंत्रण. त्या दिवशी संपादक म्हणाले होते की कालच्या बारशाच्या फोटोत बाळाच्या आत्याचं नाव राहिलं, तेव्हा आत्याच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करून या.

"मी पत्रकार हाये का न्हावी हाये?" शालिग्राम गरजले. "गावभर निरोप सांगत फिरू?"

"न्हाव्याले निदान नारळ तरी भेटते," जयमालाबाई म्हणाल्या आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. तेवढ्यात तो पुन्हा वाजला. फोन सोजराबाईचा होता. सोजराबाई म्हणजे शालिग्रामांची सख्खी मावशी, मुक्काम आसलखेड खुर्द, वरवट बकालच्या पुढे.

"शाल्या, तू पेपरवाला हायेस ना बे?"

"हाव मावशी. कोण विचारून राह्यलं?"

"कोणीच नाही विचारत. म्हून मीच विचारून राह्यली."

आता मावशीचं गाऱ्हाणं नीट ऐका, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच्यावर उभा आहे. आसलखेडं दोन, खुर्द आणि बुद्रुक, मध्ये एक नाला. तो सारा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर माणसाच्या किडन्या जातात. मावशीच्या यजमानांच्या, रंगरावकाकांच्या, गेल्याच होत्या अर्ध्याअधिक. डॉक्टरांनी बजावलं होतं, विहिरीचा थेंबही पोटात जाता कामा नये. गोडं पाणी यायचं ते नळयोजनेचं. पण टाकी बुद्रुकात, आणि खुर्दकडे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह बुद्रुकच्या सरपंचाच्या, वामनरावांच्या दारासमोर. दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, टाकीत पाणी कमी पडायला लागलं, आणि वामनरावांनी त्या व्हॉल्व्हला सरळ कुलूप घातलं. खुर्दची पोरं कुलूप तोडायला गेली. दगड चालले, डोकी फुटली, नाल्यावर पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. खुर्दचा माणूस बुद्रुकात दिसला की मार, बुद्रुकचा खुर्दात दिसला की मार. आणि टँकर मागायला गेलं तर साहेब म्हणतात, कागदावर दोन्ही गावांची नळयोजना सुरू आहे, टँकर कशाला?

"तुह्या काकासाठी वरवटहून कॅन आणतो बापा, पण किती दिवस आणू?" मावशी म्हणाली. "तू ये. माह्या कोरड्या नळाचा फोटो काढ अन् छाप. साहेबाले पेपरात दिसलं म्हंजे दिसते. पण गुपचूप ये, मोटरसायकलवर. कोणाले सांगू नको."

आता कोणताही शहाणा माणूस काय करेल? मोटरसायकलला किक मारेल, दुपारी फोटो काढेल आणि संध्याकाळी जेवायला घरी येईल. पण शालिग्राम उमाळे शहाणे नव्हते, पत्रकार होते. उभा जन्म बारशांत आणि सत्कारांत गेलेला. आयुष्यात पहिल्यांदा दुष्काळ आणि दंगल एकाच गावात, आणि तेही मावशीच्या गावात! अशा ठिकाणी माणूस जात नसतो, अशा ठिकाणी दौरा असतो. दौऱ्याचं नियोजन असतं. त्यांनी चहाच्या हॉटेलात जाऊन नियोजनाला सुरुवात केली, म्हणजे मोठ्यानं सांगितलं, "गुरुवारी संघर्षग्रस्त भागात जाऊन राह्यलो." संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला माहीत झालं होतं.

मग काय विचारता! जो तो सल्ला द्यायला हजर. कोणी म्हणालं काठी घ्या, कोणी म्हणालं काठी घेऊ नका, काठी पाहून मारतात. एकानं दगडापासून संरक्षण म्हणून पाटाला दोरी बांधून पाठीवर घ्यायला सांगितलं, आणि ते गंभीरपणे सांगितलं. जयमालाबाईंनी हेल्मेट, मीठ-साखरेच्या पुड्या आणि चिवड्याचा डबा काढून ठेवला. संपादकांना कळवलं तर ते म्हणाले, "जा, पण गाडीभाडं मिळणार नाही. आणि वामनरावांची दिवाळीची जाहिरात घेऊन या." शालिग्रामांचे कान असे पेटले की जयमालाबाईंनी डब्यावर झाकण लावायच्या आधी फोन काढून घेतला.

आणि मग आले शेजारचे गुलाबराव. हे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन जमाना झाला, पण माणूस अजून माईकसमोरच बोलतो.

"मोटरसायकल? बोथ्याच्या घाटात अस्वल उतरते, शालिग्रामभाऊ. बुलडाणा, खामगाव, शेगाव, वरवट बकाल. माही जीप हाये ना, मी नेतो. फुकट."

"फुकट काऊन?" शालिग्रामांनी विचारलं, कारण ते इतकेही वेडे नव्हते.

"वरवटले आमच्या काजलसाठी एक स्थळ हाये. जाता जाता घर पाहून घेऊ. पाच मिनटं. पोहे खाल्ले का निघाले."

मागून गुलाबरावांच्या सौभाग्यवती कौशल्याबाई म्हणाल्या, "अन् शेगाव त वाटेतच हाये. महाराजांचं दर्शन न घेता पुढं जाणं बरं दिसते काय?" त्यावर जयमालाबाई म्हणाल्या की शेगाव असेल तर त्याही येतात. कौशल्याबाई म्हणाल्या की मग त्यांच्या दोन्ही बहिणी पण येतात. शालिग्राम ओरडले, "अरे, मी दंगलीत जाऊन राह्यलो, का वऱ्हाड घेऊन राह्यलो?" पण तोपर्यंत बायकांचं कोणती साडी नेसायची ते सुरू झालं होतं.

जाता जाता गुलाबरावांनी खरी काडी टाकली. "परवानगी घेतली का? पोलीस बंदोबस्त हाये तिथं."

घ्यायची गरज नव्हती. पण दौरा म्हटल्यावर परवानगी आलीच, आणि परवानगी नाकारली तर ती वेगळी बातमी. मंगळवारी शालिग्राम सरकारी कचेरीत जाऊन भागवत नावाच्या कारकुनासमोर उभे राहिले. भागवत जेवणाचा डबा धुऊन पुसत होता.

"परवानगी लागत नाही," भागवत म्हणाला.

"मग तसं लिहून द्या."

"जे लागत नाही ते लिहून कसं देऊ? लागत असती त दिली असती."

"अन् उद्या पोलिसांनी अडवलं त?"

"त अर्ज करा."

"कायचा अर्ज?"

"परवानगीचा."

"जे लागत नाही तिचा?"

"हाव," भागवत म्हणाला. तो चिडला नव्हता, हसतही नव्हता. असल्या माणसाशी भांडायची सोयच नसते. शालिग्रामांनी कान लाल करून तिथंच बसून अर्ज लिहिला. विषय : आसलखेड खुर्द येथील पाणीटंचाईची पाहणी करणेबाबतचा नियोजित दौरा. भागवतनं त्यावर शिक्का मारला आणि खाली लिहायला लागला. प्रत माहितीस्तव तहसीलला. प्रत माहितीस्तव पोलीस ठाण्याला. प्रत माहितीस्तव पंचायत समितीला, दोन्ही ग्रामपंचायतींना.

"बुद्रुकले पण?" शालिग्राम किंचाळले. "वामनरावले? अरे, त्याच्याच विरोधात त जाऊन राह्यलो!"

"ग्रामपंचायत हाये ना ते. प्रत द्याच लागते. मोबाइलवर पाठवली बी."

ही आपली पद्धत बघा. ज्याची चोरी पकडायची त्याला आधी तारीख, वार, वेळ कळवायची, शिक्क्यासकट, म्हणजे बिचाऱ्याची गैरसोय होऊ नये. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. "शाल्या, तुले गुपचूप ये म्हनलं होतं. तू दवंडी देल्ली काय बे?"

गुरुवारी जीप निघाली. पुढे गुलाबराव आणि हेल्मेट घातलेले शालिग्राम, मागे चार बायका, चार ठेवणीतल्या साड्या आणि चिवडा. घाटात अस्वल दिसलं नाही, याचं गुलाबरावांनाच वाईट वाटलं. शेगावला दर्शनाच्या रांगेत शालिग्राम हेल्मेट काखेत धरून उभे राहिले आणि देवासमोर गेल्यावर त्यांनी फक्त "लवकर" एवढंच मागितलं. वरवट बकालला पाच मिनिटांचे पोहे दुपारपर्यंत चालले. पोहे झाले, चहा झाला, मुलाचा गोठा पाहून झाला. मुलाच्या बापानं शालिग्रामांना मुलीचा मामा समजून मानानं गादीवर बसवलं आणि त्यांना उठू म्हणून दिलं नाही. "मामा लय तापट दिसते," असं कोणीतरी हळूच म्हणाल्याचं त्यांनी ऐकलं.

दिवस कलायला आला तेव्हा जीप बुद्रुकच्या वेशीवर पोचली. चारचाकीला खुर्दला जायचा रस्ता बुद्रुकातूनच; मोटरसायकल शेतातल्या पायवाटेनं गेली असती. आता दगड येणार म्हणून शालिग्रामांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. दगड नाही आला, हलगी वाजली. वेशीवर फलक लावला होता : ज्येष्ठ पत्रकार मा. शालिग्रामजी उमाळे यांचे सहर्ष स्वागत. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले वामनराव हात जोडून उभे होते, आणि अर्जाची प्रत त्यांच्या खिशातून डोकावत होती.

"उतरा साहेब, उतरा! आमच्या गरिबाच्या गावात तुमचे पाय लागले!"

"मले खुर्दले जायचं हाये," शालिग्राम म्हणाले. त्यांनी आवाज करडा लावला होता, पण हलगीत तो कोणाला ऐकू गेला नाही. फेटा बांधायला हेल्मेट काढावं लागलं. ते कोणीतरी "मी धरतो साहेब" म्हणून धरलं आणि पुन्हा दिसलंच नाही. शाल आली, नारळ आला. मग वामनरावांनी त्यांना हाताला धरून चौकातल्या नळापाशी नेलं, नळ सोडला, आणि नळाचं पाणी, वामनराव आणि फेटेवाले पत्रकार असा फोटो निघाला. मागून कौशल्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "भाऊंले फेटा शोभते हं!"

"तुम्ही खुर्दचं पाणी काऊन बंद केलं?" शालिग्रामांनी शेवटी ओरडून विचारलं.

"कोणं? म्या?" वामनराव खरोखर दुखावले. "साहेब, भाऊभाऊ हाओत आम्ही. पोट्टे खेळून राह्यले होते, लागला एखाद्याले गोटा. व्हॉल्व्ह त उघडाच हाये. जाऊन पाहा ना तुम्ही."

गेले पाहायला. आणि शालिग्राम उमाळ्यांनी काय पाहिलं म्हणता? खुर्दात घरोघरी नळ धो धो वाहत होते! सगळं गाव रस्त्यावर, हातात घागरी, बादल्या, पिंपं, कढया, अगदी पोराच्या आंघोळीची घमेली. पत्रकार आला, फेटा बांधून आला, याच्याकडे बघायला एकाही माणसाला सवड नव्हती. मावशी नळाशी वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही.

"मावशी, मी आलो."

"दिसून राह्यला. ते घागर उचल अन् आत रित्ती कर."

"मावशी! मले कोरड्या नळाचा फोटो पाह्यजे!"

"कोरडा नळ काल होता. काल आला असता त दाखवला असता."

"मंग आज पाणी कसं आलं?"

आता मात्र मावशी सरळ झाली. तिचेही कान लाल होते. घराण्यातच होतं ते. "तू येऊन राह्यला म्हून आलं, मुर्खा! सकाळपासून सोडलं त्यानं. तू गेला का बंद करते. आता तोंड चालवू नको, हात चालव. भर!"

आणि भरलं. पत्रकारानं शालीची चुंबळ केली आणि तिच्यावर घागर घेतली. जयमालाबाईंनी पदर खोचला, कौशल्याबाई आणि त्यांच्या बहिणींनी ठेवणीतल्या साड्या गुडघ्यापर्यंत वर घेतल्या, आणि गुलाबराव अंगणात उभं राहून "रिकामी बादली डाव्या बाजूनं, भरलेली उजव्या बाजूनं" अशा सूचना द्यायला लागले. चिवड्याचा डबासुद्धा चिवडा काढून भरला.

ओसरीवर रंगरावकाका खाटेवर बसले होते. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. शालिग्रामांनी त्यांच्या हातात तांब्या दिला. काकांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, मग गिळला. डॉक्टरांनी त्यांना पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं होतं, म्हणून दुसरा घोट घ्यायच्या आधी त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"गोडं हाये," काका म्हणाले. "तू रोज येत जाय ना बापा."

शालिग्रामांना रडू आलं. आणि इतक्या लोकांसमोर फेटा बांधून रडू आलं म्हणून त्यांना त्याहून जास्त राग आला. माणसाला घोटभर गोडं पाणी मिळायला फेटेवाला पाहुणा यावा लागतो! त्यांनी काकांचे पाय धरले आणि तडक जीपमध्ये जाऊन बसले.

परत निघताना बुद्रुकात वामनरावांच्या दारासमोर एक माणूस व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर पाय सोडून बसला होता. त्यानं जीपला नमस्कार केला. जीप वेशीबाहेर पडून थोडी पुढे आली तोच मावशीचा फोन. "गेला नळ."

"गुलाबराव, गाडी वळवा!"

"भाऊ, अंधार पडून राह्यला, घाट—"

"वळवा म्हनतो ना!" ही डरकाळी अशी होती की गुलाबरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एकही सूचना न देता गाडी वळवली. जीपचं तोंड बुद्रुककडे झालं, वेशीवर मोटरसायकलवर बसलेल्या एका पोरानं कानाला फोन लावला, आणि मावशीचा पुन्हा फोन. "आला बे नळ!" जीप परत वळली. नळ गेला. शालिग्राम आणखी एकदा वळवायला निघाले होते, पण कौशल्याबाईंनी मळमळतंय म्हणून सांगितलं.

जीपमधूनच त्यांनी संपादकांना फोन लावून सगळी बातमी सांगितली. अशी बातमी त्यांनी जन्मात सांगितली नव्हती. "पुरावा काय?" संपादकांनी विचारलं. "वामनरावांनी फोटो पाठवलाय, त्यात नळाला चांगलं पाणी आहे. तुम्ही स्वतः शेजारी उभे आहात. जाहिरातही पाठवलीय त्यांनी, पान भरून. फेट्यात छान दिसता हो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, चार कॉलमी : 'आसलखेडात मुबलक पाणी, पत्रकार उमाळे यांच्याकडून समाधान व्यक्त'. शालिग्रामांनी ते वाचलं आणि फोन आपटला. जयमालाबाई आडव्या आल्या नाहीत. त्यांनी फुटलेल्या काचा गोळा केल्या आणि आपल्या फोनवर सोजराबाईचा आलेला फोन त्यांच्या कानाला लावला.

"मावशी, मी आजच राजीनामा देऊन राह्यलो!" शालिग्राम ओरडले. "पुन्हा त्या गावात पाय ठेवणार नाही मी!"

"ठेवू नको," मावशी म्हणाली. "आला का तू पाच माणसं आणतं. त्यांचा च्या करा लागते, त्यात पाणी जाते. तू येऊच नको."

शालिग्रामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

"येऊ नको. फक्त येतो म्हन. त्या कचेरीत कागद देजो ना, जसा देल्ला होता तसा. कागद गेला का तो लेकाचा नळ सोडते. तू येतं का नाही, त्याले काय माहीत?"

"अन् माही बातमी?" शालिग्रामांचा आवाज चिरकला. "माही इज्जत? सारी कॉलनी हसून राह्यली मले!"

"तुह्या काकाचं कॅन संपून राह्यलं," मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

शालिग्रामांनी सदरा घातला. राजीनामा लिहायला घेतलेल्या कागदावर 'विषय' असं आधीच लिहिलेलं होतं. तेवढंच कामाला आलं.

तेव्हापासून दर सोमवारी ते कचेरीत जातात. गुरुवारी खुर्दला नळ येतो, दिवसभर. बुद्रुकच्या वेशीवरचा फलक कायमचाच झाला आहे, आणि वामनराव कडक इस्त्री करून फेटा हातात घेऊन संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे बघत उभे असतात. टँकर काही आला नाही, कागदावर नळयोजना सुरूच आहे. कॉलनीतले लोक विचारतात, "काय भाऊ, गेले होते का संघर्षग्रस्त भागात?" आणि शालिग्राम दात आवळून पुढे जातात.

परवाच्या सोमवारी तर भागवतनंही शिक्का हातात धरून ठेवला.

"उमाळेसाहेब, परवानगी लागत नाही हो. तुम्हाले पहिल्याच दिवशी सांगतलं."

"माहीत हाये मले."

"अन् तुम्ही जातच नाही म्हनतात तिथं."

शालिग्रामांच्या कानांच्या पाळ्यांपासून लाली चढायला लागली. "कोण म्हनते?" ते इतक्या जोरानं ओरडले की शेवटच्या टेबलावरचा माणूस जागा झाला. "जाणार हाये मी! या गुरुवारी जाणारच हाये! मार शिक्का! अन् वामनरावची प्रत पहिले पाठव!"